शेकलेला फझ

सकाळी रेकॉर्ड केलेला रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) डावीकडे ठेवला, दुपारी वाजवलेला तोच रिफ उजवीकडे, आणि दोन्ही एकदम सोडले. डावा जाड, लांब, विझतानाही मवाळ होत विझणारा. उजवा सुरुवातीला ठीक, पण शेपटाशी फट् फट् करून मधेच तुटणारा. गिटार तीच, ॲम्प तोच, माइक जागचे हललेले नाहीत आणि वाजवणारा पोरगाही तोच. डबल ट्रॅक करताना दोन्ही टेक तंतोतंत सारखे नसावेतच, त्या फरकातूनच आवाज रुंद होतो. पण हा फरक हाताचा नव्हता.

बँड चौघांचा, गाणी सायकेडेलिक रॉकची, मी इंजिनिअर. प्रोड्यूसर फ्रीलान्स, बँडने चार गाण्यांपुरती बोलावलेली. रोज वेगळ्या स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाच्या सवयी वेगळ्या असतात. तिच्या तीन अटी पहिल्याच दिवशी ठरल्या होत्या. प्रत्येक गिटारचा कोरा सिग्नल डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल ॲम्पशिवाय थेट रेकॉर्डिंगकडे नेणारा डबा) वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा. इको, रिव्हर्ब मूळ आवाजात मिसळायचे नाहीत, त्यांचे ट्रॅक वेगळे. आणि दर टेकनंतर नॉबांचा फोटो. या प्रकारच्या संगीतात निम्मी करामत हाताने फिरवलेल्या नॉबांची असते, ती दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. मला ही अतिकाळजी वाटत होती. त्या दिवसानंतर वाटली नाही.

मांडणी साधी. गिटार, मग फझ (आवाज मुद्दाम फाडून जाड करणारं पेडल), मग ट्यूब ॲम्प. ॲम्पच्या स्पीकरसमोर दीड इंचावर एक डायनॅमिक माइक, खोलीत अडीच मीटरवर एक रिबन माइक. रिबनला एसीची घरघर ऐकू येते, म्हणून टेक चालू असताना एसी बंद. टेप इको वेगळ्या ट्रॅकवर. गाणं क्लिकशिवाय, म्हणजे ठोका धरून देणाऱ्या टिकटिकीशिवाय वाजवलेलं, टेम्पो मिनिटाला ९२ ठोक्यांच्या आसपास हलणारा. मिनिटाच्या ६०,००० मिलिसेकंदांना ९२ ने भागलं की एका ठोक्याचे ६५२ मिलिसेकंद येतात, त्याचा पाऊण म्हणजे ४८९. तिने इकोचं अंतर ४८९ वरून सुरू करून पुढचं कानाने लावलं. ड्रमर पुढेमागे होतो तेव्हा आकड्याला चिकटून राहिलेला इको पायात येतो.

याच इकोने आम्हाला दोन तास फसवलं. फझचा स्वर जिथे तुटत होता, तिथे इकोची पुढची फेरी येऊन भोक बुजवत होती. जेवणानंतर सोलोही झाला होता, एका दमात, आणि तो इतका चांगला वाजला होता की हेडफोनमध्ये कुणाला काही खटकलं नाही. रिफची जोडी तपासायला तिने इको म्यूट केला तेव्हा पितळ उघडं पडलं. सोलोचं शेपूटही तसंच तुटकं होतं.

गिटारवाला म्हणाला, "दादा, तारा मेल्या असतील." बासवाल्याला ट्यूबचा संशय. ट्यूब बदलायला मी उठलोच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आधी डीआय ऐकू."

सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही कोरे ट्रॅक शेजारी लावले. पातळी सारखी, प्रत्येक आघाताची उंची जवळपास सारखी, स्वर तेवढाच लांब टिकलेला. म्हणजे तारा, पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारी कॉइल), हात सगळे संशयातून सुटले. मग दोन्ही कोरे ट्रॅक रीॲम्प बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा गिटारसारखा करून ॲम्पला देणारा डबा), फझ न लावता, थेट ॲम्पमध्ये पाठवले आणि त्याच माइकने रेकॉर्ड केले. पुन्हा सारखे. ॲम्प, ट्यूब, स्पीकर आणि माइकही सुटले. उरला फझ. हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली. ट्यूब बदलत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती, आणि नव्या ट्यूबचा आवाज सकाळच्या टेकशी जुळला नसता तो वेगळाच.

फझ हाताने बांधलेला, १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या गोल डब्याच्या 'फझ फेस' पेडलच्या सर्किटवर. मोजून अकरा भाग: दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब. भाग कमी म्हणून सोपा, असं मात्र नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या टोकावर बॅटरीच्या साधारण निम्मा व्होल्टेज हवा, ९ व्होल्टला साडेचारच्या आसपास. तेवढा असला की लाट दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि स्वर विझेपर्यंत धरून राहतो. तिथून फार सरकला की एका बाजूला जागाच उरत नाही, आणि सिग्नल बारीक झाला की आवाज लटकत, फुटत बंद पडतो.

बॅटरी आधी तपासली, ती ठणठणीत होती. गिटारवाला म्हणाला, बॅटरी काढून ॲडाप्टरवर लावून बघू. इथे हात धरावा लागतो. जुन्या पद्धतीच्या, पीएनपी जातीच्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला (ग्राउंडला) जोडलेलं असतं, बाकीच्या पेडलांत ऋण. एकाच ॲडाप्टरच्या साखळीत दोन्ही जोडले की सरळ शॉर्ट. असा फझ आपल्या स्वतंत्र बॅटरीवरच राहू द्यावा.

मागचं झाकण उघडायला डबा उचलला आणि हाताला चटका बसावा इतका तो गरम लागला. मल्टिमीटरची काळी टोच डब्याला, लाल दुसऱ्या कलेक्टरला: उणे ६.९. उणे, कारण धन टोक ग्राउंडला; आकडा मात्र साडेचार हवा होता.

डबा गरम का, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सकाळी फझ गिटारवाल्याच्या पायाशी होता. दुपारी तिला टेक चालू असतानाच फझचा नॉब हाताने फिरवायचा होता, कडव्याच्या शेवटी आवाज उमलावा म्हणून. वाकून बसण्यापेक्षा सोपं पडतं म्हणून तिने डबा उचलून ॲम्पच्या डोक्यावर ठेवला, नेमका ट्यूबच्या जाळीवर. त्यात एसी बंद. जेवायला गेलो तेव्हा ॲम्पही चालूच होता.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो, आणि तापमान दर १० अंशांनी चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. २४ अंशांवरून ४४ वर गेलं तर चौपट. पहिल्या ट्रान्झिस्टरची गळती वाढली की तो गरजेपेक्षा जास्त उघडतो, दुसऱ्याचा बेस, म्हणजे त्याला उघडणारं टोक, खाली ओढतो, दुसऱ्यातून प्रवाह कमी जातो आणि त्याचा कलेक्टर बॅटरीच्या व्होल्टेजकडे सरकतो. आमचा ६.९ तिथूनच आला होता. सिलिकॉनच्या फझमध्ये ही कटकट नगण्य असते, पण त्याची धार वेगळी, आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवल्यावर जर्मेनियम जसा निवळतो तसा तो निवळत नाही.

"म्हणजे मीच शेकलं याला," ती म्हणाली.

या डब्यात आठ-साडेआठ किलोओमच्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमपॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) होता. तो वाढवून कलेक्टर पुन्हा साडेचारवर आणता आला असता. मोह होतो, पण करू नये. गरम डब्यावर लावलेला बायस (हा बसवलेला व्होल्टेज) थंड झाल्यावर उलट्या बाजूला कोसळतो, आणि मग सकाळचा आवाजही हातचा जातो. बर्फाचीही सूचना आली. त्याने डब्यात दमट हवेचं पाणी होतं, म्हणून तीही नको. एसी लावला, डबा उघडा करून जमिनीवर ठेवला आणि मीटर जोडून सोडला. पंचवीस मिनिटांत ६.९ चा ४.७ झाला.

उजवा रिफ पुन्हा वाजवणं काहीच कठीण नव्हतं, तिसऱ्या टेकला झाला. प्रश्न सोलोचा. गिटारवाला पुन्हा वाजवायला तयार होता, ती नव्हती. "तसा परत नाही येणार," एवढंच म्हणाली आणि कोरा ट्रॅक शोधायला लागली.

कोरा ट्रॅक आहे, फझ थंड आहे, मग रीॲम्प करून मोकळं व्हावं, असं वाटतं. केलं, आणि आवाज कर्कश, पातळ, माशी घोंघावल्यासारखा आला. कारण फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) अगदीच कमी, काही किलोओमचा. गिटार थेट लावली की पिकअपची कॉइल आणि हा इनपुट मिळून वरची धार खातात, पिकअप त्या सर्किटचाच एक भाग होतो. रीॲम्प बॉक्समध्ये कॉइल नाही, त्यामुळे धार तशीच आत शिरते. फझच्या आधी बफरवाला (पिकअपला पुढच्या सर्किटपासून तोडणारा) ट्यूनर लावला की आवाज बिघडतो तो याच कारणाने.

तिच्या पिशवीत एक सुटा सिंगल कॉइल पिकअप निघाला, फुटलेल्या चौकटीचा, दोन वायरी बाहेर आलेला. रेझिस्टन्स सुमारे ६ किलोओम, इंडक्टन्स दोन-अडीच हेन्री. रीॲम्प बॉक्सच्या सिग्नलच्या तारेत तो सीरिजमध्ये घातला, म्हणजे सिग्नल कॉइलमधून जाऊन मगच फझमध्ये शिरेल.

त्याआधी पातळी जुळवणं भाग होतं, कारण फझला किती व्होल्ट मिळतात यावर सगळं अवलंबून. रीॲम्प बॉक्सचं आउटपुट परत त्याच डीआय बॉक्समध्ये घातलं, प्रीॲम्पचा गेन फोटोत होता तेवढाच ठेवला, आणि परत आलेला सिग्नल मूळ रेकॉर्डिंगइतका दिसेपर्यंत रीॲम्पचा नॉब वाढवला. त्या दिवशी फोटो कामी आला तो हा एक. ही पायरी टाळणारे मी पाहिलेत, मग तेच म्हणतात की रीॲम्प खोटा वाटतो.

सुट्या कॉइलचा तोटा असा की ती हम, म्हणजे विजेची गुणगुण, पकडते. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर लांब नेली तरी गुणगुण होतीच. ती हातात धरून हळूहळू फिरवली. एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो. तो कोन सापडल्यावर टेपने खुर्चीच्या पाठीला चिकटवली.

सोलो सोडला. यावेळी लांब स्वर शेवटपर्यंत विझत गेला, इको म्यूट असतानाही. मूळ टेकशी एक फरक राहिला: स्पीकरच्या आवाजाने तारा पुन्हा थरथरून जो फीडबॅक उठतो, तो रीॲम्पमध्ये नव्याने घडत नाही. जेवढा डीआयवर आला होता तेवढाच मिळाला. सुदैवाने गिटारवाल्याने ॲम्पच्या जवळ उभं राहून वाजवलं होतं.

सहा वाजता आवराआवर सुरू झाली, तेव्हा तिने गाण्याची शेवटची आठ मापं (बार) पुन्हा लावली. सोलो रीॲम्प केलेला होता, पण शेवटच्या दोन मापांवर तिने दुपारचा तुटका आवाज ठेवून पाहिला. गाणं संपताना आवाज फुटत, लटकत बंद पडत होता. बसला होता, हे मान्य करावंच लागलं. मात्र दुपारच्या टेकमध्ये रिबनवर खुर्चीची करकर आली होती.

मग फझ परत ॲम्पच्या डोक्यावर गेला. एसी बंद. डबा उघडा, मीटरच्या टोचा क्लिपने अडकवलेल्या, गिटारवाला गिटार गळ्यात अडकवून बसलेला. ५.१. ५.८. ती मीटरसमोर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "साडेसहाच्या वर गेला की रेकॉर्ड दाब."