गोवऱ्या घरी, शेगडी रानात

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक पोतं पडलेलं आहे. त्यात २७ गोवऱ्या आहेत. मूळच्या ४०. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या गाडीच्या डिक्कीत बसून नागपुरातल्या मानेवाड्याहून देवलापारच्याही पुढे गेल्या, पेंचच्या जंगलाजवळ एक रात्र काढली आणि एकही न जळता परत आल्या. आमच्या घरात एवढा फुकटचा प्रवास दुसऱ्या कुणाला घडलेला नाही.

बेत रोडग्यांचा होता. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते: जाडसर दळलेल्या कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, हाताने फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. विदर्भात माणसं बाहेर जेवायला निघाली, म्हणजे शेतात, नदीकाठी, देवाच्या नवसाला, की रोडगे आलेच. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे रोडगे पुरुष करतात. घरी पाण्याचा ग्लास स्वतः न घेणारे आमचे भाऊजी रोडग्यांच्या आगीपुढे दोन-दोन तास उकिडवे बसतात, कुणाला हात लावू देत नाहीत आणि वर सगळ्यांना सांगतात, "याला नजर लागते बरं." मी आणि जाऊबाई सतरंजीवर बसून मुरमुरे खातो. वर्षातून एकदा.

तर आम्ही आठ जण पोचलो, पोतं उतरवायला लागलो, तेवढ्यात वनरक्षक आला. पोरगाच होता, पंचविशीतला.

"ताई, पोतं उतरवू नका. फायर सीझन चालू आहे."

१५ फेब्रुवारी ते १५ जून. चार महिने जंगलात आणि जंगलाला लागून आग नाही. भाऊजी लागलीच सुरू झाले, "अरे, आम्ही काय वणवा लावून राहिलो का? खड्डा खणतो ना, वरून पाणी टाकतो." पोरगा वाद घालत बसला नाही. खाली वाकून त्याने सागाचं एक वाळलेलं पान उचललं. ताटाएवढं. मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडून दाखवली. तंबाखूची भुकटी असावी तसा चुरा. "हे असं खाली घोट्यापर्यंत आहे," तो म्हणाला. "निखारा तुमच्या खड्ड्यात राहतो, पण ठिणगी वाऱ्यावर जाते." मग त्याने मोबाईल दाखवला. कुठं आग दिसली की उपग्रहावरून निरोप येतो म्हणे, आणि मग ते धावतात. फेब्रुवारीच्या आधीच त्यांनी जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात, म्हणजे पाला साफ करून मोकळे पट्टे, आग तिथे येऊन अडावी म्हणून. तरी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला कुणी पेटवतं, तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून कुणी पेटवतं, आणि मग हे हातात झाडाच्या फांद्या घेऊन रात्रभर आग झोडपत बसतात. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच जंगलाला धोका होईल अशा आगीला मनाई आहे. कायद्याचं त्याने शेवटी सांगितलं. पान आधी दाखवलं ते बरं केलं.

त्या रात्री आम्ही तिथल्या राखणदाराच्या घरचा वरणभात खाल्ला. कणीक आंबली, वांगी कच्चीच परत आली. भाऊजी रुसले.

या वर्षी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, शेगडी घेऊ. सासूबाईंनी माळ्यावरचा पितळी पंपाचा स्टोव्ह काढायला लावला. त्याचा तो फर्रर्र आवाज मला अजून आवडतो, पण रॉकेल आणायचं कुठून? रेशनवर आम्हाला मिळत नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर म्हणजे लग्नाचा स्वयंपाक वाटला. शेवटी इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानातून सूटकेससारखी मिटणारी शेगडी आणली. तिच्या पोटात आडवा डबा बसतो, डासांच्या फवाऱ्याएवढा, २२० ग्रॅम ब्युटेनचा. दुकानदार म्हणाला, "ताई, रिकामे डबे आणा, मोठ्या सिलिंडरमधून भरून देतो, अर्ध्या पैशात." हे कृपा करून कुणी करू नका. डबा एकदाच वापरायच्या जाडीचा असतो, आणि घरच्या सिलिंडरमधल्या गॅसात प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त. मी दोन नवे डबे घेतले आणि गप घरी आले.

एक धाकटी नणंद पुण्याहून येणार होती, ती म्हणाली इकडे स्वस्त मिळतात, मी ट्रेनमध्ये घेऊन येते. तिला फोनवरच थांबवलं. रेल्वेत गॅसचा डबा न्यायला बंदी आहे, दंडही होतो आणि तुरुंगही होऊ शकतो. (शेवटी ती आलीच नाही, पण ते वेगळ्या कारणाने.)

मग मी गच्चीवर प्रयोग केले. हिशेबाची नोकरी आहे, काट्यावर ठेवल्याशिवाय मला काही पटत नाही. डबा आधी तोलायचा, एक लिटर पाणी उकळायचं, डबा परत तोलायचा. झाकण ठेवून १२ ग्रॅम. झाकण न ठेवता १७. संध्याकाळी वारा सुटल्यावर, झाकण न ठेवता, २६ ग्रॅम आणि पाणी तरी नुसतं गुरगुरत होतं. घरच्या ओट्यावर हे कधी कळतच नाही, कारण तिथे वारा नसतो आणि सिलिंडर कुणी रोज तोलत नाही.

वारा अडवायला नवऱ्याने पत्र्याचा डबा कापून शेगडीला चहूबाजूंनी कुंपण केलं. दिसायला छान. पाच मिनिटांनी गॅसच्या डब्याच्या कप्प्यावर हात ठेवला तर चांगलाच तापलेला. कुंपण काढलं. आडोसा फक्त बर्नरच्या बाजूने, डब्याची बाजू उघडी, हे तेव्हा ठरलं. तसंच भांड्याचं. आमचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला तर त्याचा काठ डब्याच्या कप्प्यावर येतो आणि सगळी धग खाली डब्यावर. म्हणून रुंद गंज नाही, मोठा तवा नाही; पाच लिटरचा उभट कुकर, शिट्टी काढून. आणि डबा बसवताना त्याच्या कडेची खाच वर यायला पाहिजे, म्हणजे आतला वायूच बाहेर येतो. उलटा बसला तर पातळ गॅस येतो आणि ज्योत भडकते.

खरी भीती मला नागपूरच्या उन्हाची होती. डब्यावर लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर नेऊ नका. आता आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतात. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते आणि आख्ख्या देशात आपली बातमी झाली. मग खुलासा झाला की सेन्सर बिघडलाय. पण उन्हात उभ्या बंद गाडीत ५६ व्हायला सेन्सर बिघडावा लागत नाही, मार्चसुद्धा पुरतो. म्हणून डबे डिक्कीत नाही. संत्र्यांच्या पिशवीत, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, पायाशी. मनसरला चहाला थांबलो तेव्हा मी पिशवी खाली उतरवून घेतली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बाळाला पण घेतलं का?"

जेवणाचा बेत मात्र सहज ठरला नाही. शेगडीवर रोडगे होतात का? होतात, कुकरमध्ये, खालची आच अगदी मंद ठेवून, उलटसुलट करत. मी करून पाहिले. पाऊण तास, ८० ग्रॅम गॅस, आणि चार रोडगे. बाहेरून बेकरीतल्या टोस्टासारखे, आतून बरे. राखेचा वास नाही. सासूबाईंनी एक फोडला, वास घेतला आणि म्हणाल्या, "बाई, ही बिट्टी आहे." म्हणजे निखाऱ्यांशिवाय घरात होते ती. विषय संपला. वांगं बर्नरवर भाजलं तर त्याचा रस गळून भोकं बुजली. दुसऱ्या दिवशी सुईने साफ करत बसले.

तेव्हा मी हट्ट सोडला. ज्याला आगच हवी ते घरून करून न्यायचं, ज्याला नुसती आच पुरते ते तिथे. निघायच्या दिवशी पहाटे भाऊजींनी गच्चीवर १३ गोवऱ्या पेटवल्या, रोडगे आणि वांगी भाजली. शेजारच्या काकूंनी धुराबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं, त्यांना दोन रोडगे दिले. वांगी सोलून गर डब्यात. आणि रात्री तिथे गोळा भात. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटलेली, तिखट-हिंग-हळद घालून, तीही घरूनच. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल बाटलीत, भिवापुरी मिरच्या कागदात, चिंचेचा कोळ बरणीत, सांबार धुऊन ओल्या फडक्यात. (सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.)

पोचल्याबरोबर आधी विचारलं. शेगडी चालेल, पण ओट्यावरच, भोवताली पाला नको, तंबूत तर नकोच, असं उत्तर मिळालं. इथे चाललं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही, ज्याच्या त्याच्या जागेवर विचारावं. तंबूत तसंही नको; बंद कापडात गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला ना रंग ना वास.

मी शेगडी ओट्यावर मांडली, वळून बघते तर सगळे पाठ करून खुर्च्यांवर. आगीभोवती माणसं आपोआप गोल बसतात. शेगडीकडे कुणी बघत नाही. निळी ज्योत, वीतभर. ती दिसली की सगळ्यांना स्वयंपाकघर आठवतं आणि स्वयंपाकघर म्हणजे मी. दहा मिनिटांत पहिला आवाज आला, "झालं का?" दुसरा आवाज भाऊजींचा, "वहिनी, चहा टाकताच आहात तर..."

गेल्या वर्षी हाच माणूस आग लावू द्या म्हणून वनरक्षकाशी भांडत होता. म्हणजे वणवा लागला तरी चालेल, पण गॅसचं बटण फिरवणार नाही. मी हात पुसले, लायटर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "भाऊजी, रोडगे तुमचे, तसा गोळा भातही तुमचाच. नजर लागेल, मी बघत नाही." आणि जाऊबाईंशेजारी जाऊन मुरमुऱ्यांची पिशवी फोडली.

त्यांनी केला. पाऊण किलो तांदूळ, पाणी आटत आल्यावर वर गोळे पेरले, झाकण, बारीक आच. या शेगडीची आच मध्यभागीच एकवटते, म्हणून दर चार-पाच मिनिटांनी कुकर पाव फेरा फिरवायचा, एवढं मी बसल्या जागेवरून सांगितलं. तरी मधे रुपयाएवढा डाग लागला. फोडणीत मिरची जरा जास्त करपली, सगळे खोकलो. भात उत्तम झाला होता. सासूबाईंनी दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळा तेल वरून मागितलं.

शेकोटी नाही म्हणून पोरं आधी कुरकुरली. मग शेगडी बंद झाली, टॉर्च बंद केले, आणि विसेक मिनिटांत डोळे सरावले. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (तारे दिसावेत म्हणून रात्रीचा उजेड कमी ठेवलेली जागा) जाहीर केलंय, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. शेकोटी असती तर डोळे तिच्याच उजेडाला चिकटले असते. पण खरं सांगायचं तर पाठ गार पडत होती आणि मला निखारे हवेच होते.

सकाळी मोहफुलांचा गोडसर, जरा आंबूस वास होता. लांबवर दोघी-तिघी बाया झाडाखाली जुन्या साड्या अंथरून फुलं वेचत होत्या. मी तोंड धुऊन आले तोवर भाऊजींनी न सांगता शेगडी पेटवली होती. काटा सोबत आणलाच होता: रात्रीचा चहा, भात, सार, फोडणी धरून डब्यातले १२८ ग्रॅम गेले होते, ९२ शिल्लक. सकाळचा चहा आणि पोहे करूनही उरणार.

गेल्या वर्षीचाच वनरक्षक रात्रपाळीच्या दोन फायर वॉचरांना घेऊन आला. त्यांच्या डब्यात भाकर आणि ठेचा होता, गार. जंगलात तेही चूल पेटवत नाहीत. मी त्यांना चहा घ्यायला बसवलं. त्याने पोतं कुठंय विचारलं, मी म्हटलं गच्चीवर. मग तो शेगडीभोवती एक चक्कर मारून आला, ओट्यापासून पाला किती लांब आहे ते बघितलं, आणि रोडग्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "हा तर गोवरीवरचा आहे!"

"मी भाजला," भाऊजी म्हणाले. "चहा पण मीच करून राहिलो." पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी पिशवीत हात घातला, दुसरी पिशवी उपसली, डबे उघडले, बंद केले.

"वहिनी, साखर कुठं आहे?"

"तुमच्या समोर."