समपातळी चर: तिसरा पावसाळा, आर्द्रा ते पुष्य

उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर पाणी आणि माती अडवतात, अशी मागच्या नोंदीत मी बरीच फुशारकी मारली होती. आर्द्रात मधला चर फुटला. देवगड तालुक्यातल्या आमच्या कलमांच्या बागेतली माती एका रात्रीत खालच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात, उतरली. चर नव्हते तेव्हा दोन पावसाळ्यांतही एवढी गेली नसेल.

चूक मापात होती. ते मी सोलापूरकडच्या मित्राकडून जसंच्या तसं उचललं. त्याच्याकडे वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिमी, आपल्याकडे तीन हजारांच्या वर. तिकडे चर तुडुंब भरला तर पेढे वाटतात. माझा चर ३० मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल. पोटात मावतं ८,१०० लिटर. त्याच्या डोक्यावर उताराची १० मीटरची पट्टी, म्हणजे ३०० चौरस मीटर. चौरस मीटरवर एक मिमी पडला की एक लिटर. त्या रात्री माझ्या पावसाच्या डब्यात १५२ मिमी भरले. करा हिशेब: ४५,६०० लिटर, आणि सड्याच्या कातळावरून वाहून आलेलं पाणी वेगळंच. जमीन आधीच पिऊन बसलेली. चराच्या खालच्या कडेचा मातीचा बांध एका जागी चार बोटं खचला होता, तिथूनच सगळं सुटलं.

खणताना शेजारचे काका म्हणालेच होते, "ह्यां काय रे, म्हशीक डुंबाक खणलंस?"

चर मोठा करायचा मोह आवरला. उघडीप मिळाली तशी दर दहा मीटरवर बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाण्याला वाट, काढला, बांधापेक्षा वीतभर खाली. तळाला जांभ्याचे तुकडे लावले, कारण उघड्या मातीवर पाणी पडलं की तिथेच घळ पडते. सांडवे एकाखाली एक ठेवले नाहीत. पाणी आडवं फिरून पुढच्या चरात जातं. शेवटचं पऱ्याला. चिरे काकांनीच रचून दिले, आणि म्हशीचं पुन्हा काढलं. बांधावर वाळा लावलाय, त्याची मुळं धरायला वेळ लागेल.

पऱ्यातलं पाणी लिटरच्या बाटलीत रात्रभर ठेवून तळाचा गाळ मोजतो. चर फुटला त्या सकाळी चार बोटं होता, पुनर्वसूत दीड. पाऊसही कमीच होता, त्यामुळे एवढ्यात उड्या मारत नाही.

विहिरीचं मात्र चरांनी भागेल असं वाटत नाही. जांभा पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन खालच्या झऱ्यांतून सोडतो; फेब्रुवारीत दोरी वाढवावी लागतेच. म्हणून दिवाळीनंतर, पऱ्या वाहता आहे तोवर, मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालणार. सिमेंटची रिकामी पोती चाळीस जमलीत. आणखी शंभरेक लागतील, त्यात निम्मी उंदरांनी खाल्लेली निघतात.