ऐरोलीची बोट आणि मागची सीट

फ्लेमिंगो पाहायला गेलो आणि बोटीतल्या मंडळींवर वैतागून आलो. ठाण्याहून लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. बोट सुटते ती भरतीच्या हिशेबाने, त्यामुळे जेट्टीवर ताटकळणं आलंच. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तेव्हापासून लेन्सवाल्यांची झुंबड.

पक्षी भरपूर दिसले. त्यांचा गुलाबी रंग शेवाळातून येतो आणि ते शेवाळ माजतं आपल्याच सांडपाण्यावर, असं म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं.

मागे बोट चालवणारे मामा कोळीच. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून माझ्याशी बोलले. "वाशी बुडत का नाय, ठाव हाय?" नवी मुंबई सखल, भराव टाकलेल्या जमिनीवर वसली. भरती चढली की नाल्यांच्या मुखाशी झडपा लागतात, तोवर पडलेला पाऊस धारण तलावात थांबतो आणि ओहोटीला खाडीत उतरतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या आखणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पाण्याशी भांडायचं नाही, त्याची वेळ सांभाळायची!

पण तलाव गाळाने भरले आणि गाळात तिवरं, म्हणजे खारफुटी उगवली. आता गाळ काढायचा तर तिवर आडवं येतं, आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. बंदी योग्यच आहे. कोळंबी, चिंबोरी, निवटी तिवरांच्याच आसऱ्याला वाढतात. फायली मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतात. मामांचं म्हणणं साधं होतं. "आधी मुखाचा गाळ काढा, पानी खेळतं ऱ्हायला पायजे. पन आमाला इचारतंय कोन?"

ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं, तिथल्या माणसाला भरती-ओहोटी तोंडपाठ. आणि 'सर्वसमावेशक शहर' म्हणून एसी हॉलमध्ये चर्चा झडतात तेव्हा त्याला खुर्ची नसते. मला याचाच राग आला.

मी पुढचं विचारणार, तेवढ्यात समोरून फर्मान आलं, "ओ मामा, जरा अजून जवळ घ्या ना!"

"ओटी लागली. बोट रुतंल."

"पैसे भरलेत आम्ही."

मामांनी बोट वळवली, जेट्टीकडे.

जाणार असाल तर रविवार टाळा. आणि मागची सीट धरा. डिझेलचा धूर नाकात जातो, फोटो एकही धड येत नाही.