टाइमर डायरेक्ट आहे, हे मला वीजबिलाने सांगितलं

"एलईडी दिवे बसवल्यामुळे ग्रामपंचायतीची किती वीज वाचली?" असा माहिती अधिकाराचा अर्ज कुणी टाकत असेल तर आधी थांबा. उत्तर ठरलेलं आहे. "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आमच्या शेजारचा मुलगा ठाण्याला नोकरीला असतो, गणपतीत गावी येतो. त्याला नेमकं हेच पत्र आलं आणि तो तणतणत माझ्या दुकानात आला. "काका, हे लपवतत सगळा."

मी म्हटलं, लपवत असतीलही, पण उत्तर कायद्याला धरून आहे. 2005 च्या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे जे आहे ते : कागद, नोंदवही, करार, अहवाल, नमुना, संगणकातली नोंद. जे नाही ते तुमच्यासाठी तयार करून देण्याची त्यांच्यावर सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आता मला सांगा, ग्रामपंचायतीच्या कुठल्या रजिस्टरला 'वाचलेली वीज' असा रकाना असतो? ते गणित आपण करायचं. त्यांच्याकडून आकडे घ्यायचे.

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. सिंधुदुर्गातल्या एका बंदरावरच्या गावात दुकान आहे. पंप, मिक्सर, होडीवरची छोटी जनरेटर, घरांची वायरिंग, जे येईल ते करतो. त्यामुळे खांबावरचा दिवा मला लांबूनही ओळखता येतो. पूर्वी आमच्याकडे 40 वॅटच्या ट्यूब होत्या. चोकचं धरून एक ट्यूब 50 च्या वरच वॅट खायची. त्या काढून 20 वॅटचे एलईडी लावले, पैसे वित्त आयोगाच्या निधीतून आले. समजा एका वाडीत 40 खांब आहेत. वर्षाकाठी सरासरी रात्रीचे 11 तास धरले तर एक दिवा 4,000 तास जळतो. दिव्यामागे 30 वॅट जरी वाचले तरी वाडीचे 4,800 युनिट वर्षाला वाचायला हवेत. हवेत, असं मी म्हणतोय. वाचले का, ते बिलात दिसतं.

म्हणून नवा अर्ज लिहिला. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. ही अट मला तरी आवडते, कारण आपल्याकडे अर्जात आधी दोन पानं भाषण लिहायची सवय आहे. विषय घातला : पथदिव्यांची वीजबिले व एलईडी बसविण्याच्या कामाचा अभिलेख. कालावधी पाच आर्थिक वर्षांचा, म्हणजे दिवे बदलण्याच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही हाताशी येतं. मागितलं काय, तर पथदिव्यांच्या सगळ्या जोडण्यांचे ग्राहक क्रमांक. प्रत्येक जोडणीची मासिक बिलं. कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप वहीतली, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीतली नोंद. पुरवठादाराचं बिल, हमीपत्र आणि दिव्यांचा चाचणी अहवाल. काढलेल्या जुन्या फिटिंगची साठा नोंदवहीतली नोंद. मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट, कमी करण्यासाठी वीज कंपनीशी काही पत्रव्यवहार झाला असेल तर तो. 'का' हा शब्द कुठेच नाही. माहिती कशाला हवी ते सांगायचं बंधन कलम 6 प्रमाणे आपल्यावरही नाही, तेव्हा आपणही कारण लिहायचं नाही. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना भरला, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं, पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख बघून घ्यायची, नाहीतर 30 दिवस कुठून मोजणार?

ग्राहक क्रमांकाला मी पहिलं स्थान का दिलं तेही सांगतो. तो 12 अंकी नंबर आणि बिलिंग युनिट हातात आलं की अलीकडची बिलं महावितरणच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, त्यासाठी कुणाचे पाय धरायला नकोत. वित्त आयोगाचा पैसा कुठे खर्च झाला हेही ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतवार दिसतं. खरं तर कलम 4 प्रमाणे 17 बाबी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या असतात. आमच्या पंचायतीत त्या जाहीर झाल्यात, म्हणजे फलक आहे. वरचा कागद 2014 चा आहे.

गावात अर्ज टाकणं ही मुंबईत अर्ज टाकण्यासारखी गोष्ट नव्हे. मुंबईत अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. इथे ज्याच्याकडे अर्ज दिला त्याच्या सासुरवाडीचा पंप माझ्या दुकानात उघडून पडलेला असतो. सरपंच संध्याकाळी दुकानात आले, स्टुलावर बसले. "तुका काय व्हया ता सांग, झेरॉक्स मारून देतंय. कागद कित्याक करतस?" मी म्हटलं, "झेरॉक्सवर शिक्को व्हयो." मग चहा झाला. ते रागावले नव्हते, पण वाडीत मात्र दोन दिवसांत पसरलं की मी पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय. आरटीआयवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तालुक्याला फिरणारे ते दोन-तीन चेहरे येतात, अर्ज टाकून मग मागे घेण्याचे पैसे घेणारे. त्यांच्यामुळे सरळ माणसाला कागद मागायची चोरी झालीय. माझं मत विचाराल तर ग्रामसेवकापेक्षा या लोकांनी कायद्याचं जास्त वाटोळं केलं.

उत्तर मुदतीत आलं. बिलं देतो म्हणाले, 2 रुपये पान. पण मोजमाप वही आणि साठा नोंदवही "तौक्ते चक्रीवादळात भिजून खराब झाल्याने उपलब्ध नाही." मे 2021 मधल्या त्या वादळाने आमच्या किनाऱ्यावर काय केलं ते मी पाहिलंय. खांब आडवे, कौलं उडालेली, वीज कितीतरी दिवस नाही. कार्यालयात पाणी शिरलं असेल, यावर माझा विश्वास बसू शकतो. पण दिवे बसवण्याच्या कामाचं शेवटचं बिल वादळानंतरचं, दिवाळीनंतरचं होतं. मे महिन्यात भिजलेल्या वहीत दिवाळीनंतरची नोंद कशी असेल?

मग वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील केलं, त्याला 20 रुपयांचं तिकीट लागतं, मुदत 30 दिवस. नमुना जोडपत्र 'ब'. त्यात वाद घातला नाही, दोनच गोष्टी मागितल्या. एक, वादळात कोणते अभिलेख खराब झाले त्याचा पंचनामा किंवा वरिष्ठांना पाठवलेला अहवाल. दोन, तसा अहवाल नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी. कागद सापडत नाही हे कायद्यातल्या नकाराच्या कारणांत कुठेच नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तसं म्हटलंय, तेही एका ओळीत लिहिलं. सुनावणी पंचायत समितीत होती. पाऊस धो धो पडत होता आणि अपील ऐकणाऱ्या साहेबांनाही लवकर निघायचं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्कल पाहिजे की बघायचं आहे?" मी म्हटलं, बघतो.

हे अभिलेख पाहणीचं कलम लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्या कायद्यात तेच सोन्यासारखं आहे. पहिला तास फुकट, पुढे दर पाव तासाला 5 रुपये. समोर फाईल येते, आपण पानं उलटतो, टिपणं काढतो. नक्कल मागितली असती तर मागितलेली पानंच मिळाली असती. पाहणीत शेजारचीही दिसतात. मोजमाप वही सुकलेली होती, कडा थोड्या पिवळ्या, आत सगळं वाचता येत होतं.

वहीत तसं भयंकर काही निघालं नाही, ज्यांना घोटाळा हवा होता त्यांची निराशा होईल. दिवे जेवढे लिहिलेत तेवढे खांबावर आहेत, मी मोजले. चाचणी अहवाल जोडला होता, पण तो वेगळ्याच वॅटच्या दिव्याचा. जुन्या ट्यूब आणि चोक कुठे गेले याची नोंद नाही. चोकमधलं तांबं भंगारात विकलं जातं, आणि ट्यूबमध्ये पारा असतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी ती नोंद असायला हवी होती.

खरी गंमत बिलात. दोन गोष्टी सांगतो. बिलावर 'मंजूर भार' नावाची जागा असते. दिवे बदलले, भार निम्म्याहून खाली आला, पण बिलावर मंजूर भार ट्यूबच्या काळातलाच. दर महिन्याचा स्थिर आकार त्या भारावर लागतो. म्हणजे न वापरलेल्या किलोवॅटचे पैसे ग्रामपंचायत महिन्याच्या महिन्याला भरतेय, आणि तो कमी करायला फक्त एक अर्ज लागतो. तो कुणीच केला नव्हता, कारण दिवे बसवणारा ठेकेदार वेगळा, बिल भरणारा वेगळा, आणि बिल वाचणारा कुणीच नाही.

दुसरी गोष्ट एका वाडीची. तिथे 40 दिवे, म्हणजे 0.8 किलोवॅट. रात्रीचे 11 तास धरून महिन्याला 264 युनिट व्हायला हवेत. बिलात सगळे महिने 400 च्या आसपास. गणपतीच्या महिन्यात वाढले असते तर मी काही बोललो नसतो, भजनाला खांबावरून वायर ओढतात हे मलाही माहीत आहे, ओढून देणारा कधी कधी मीच असतो. पण हे बारा महिने. 400 ला 0.8 ने भागा, मग 30 ने भागा. दिवसाला साडेसोळा तासांच्या वर. म्हणजे उजाडल्यावरही पाच-सहा तास दिवे चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या वाडीत गेलो. सगळे दिवे पेटलेले. आंब्याच्या कलमांखाली, भर उन्हात, 20 वॅटचा एलईडी पेटलाय हे कुणाच्या लक्षात येणार? टाइमरचा डबा उघडून पाहिला तर खाऱ्या वाऱ्याने टाइमरची पट्टी गंजलेली, आणि कुणीतरी टाइमर वगळून वायर डायरेक्ट मारून ठेवलेली. वाडीतला एक जण आठवण झाली की कटआउट (फ्यूज) काढून दिवे बंद करायचा. आठवण बहुतेक जेवणाच्या आधी व्हायची.

टाइमर बदलला. भार कमी करण्याचा अर्ज ग्रामसेवकांनी स्वतः लिहिला, मसुदा मी दिला. ठाण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "म्हणजे भ्रष्टाचार नाहीच?" त्याला जरा वाईट वाटल्यासारखं वाटलं.

आता नळपाणी योजनेचा पंप. पथदिव्यांचं बिल त्याच्यापुढे काहीच नाही. त्या मोटरचं वाइंडिंग इतक्या वेळा झालंय की तिची कार्यक्षमता कागदावरच्या पाटीशी जुळत असेल यावर माझा विश्वास नाही. वाइंडिंगला ती बहुतेकदा थोडी उतरते, हे मी गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो. या वेळी मागणार आहे पंपाची बिलं, खरेदीच्या वेळचा पंपाचा तांत्रिक तक्ता, रोजच्या पंपिंगच्या तासांची नोंदवही आणि दुरुस्तीची बिलं. दुरुस्तीच्या बिलांपैकी बरीचशी माझ्याच दुकानाची निघतील. सरपंचांना ते आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मग तुझीच माहिती तू माझ्याकडे मागतलंस?" तर होय, शिक्क्यानिशी.