तुम्ही विचारलंत म्हणून: आईला क्रूझवर नेताना

"आईला क्रूझवर न्यायचंय, केबिन कोणती घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता एकदाच नीट लिहून ठेवते.

केबिन नंतर, आधी महिना ठरवा. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आम्ही पहिल्यांदा गेलो ते मेच्या अखेरीला, भाडं कमी दिसलं म्हणून. पावसाच्या तोंडावर अरबी समुद्र फुगायला लागतो, आणि आमची केबिन वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. आईला रात्रभर बोट लागली. आई देवगडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने, डेकवर ट्रंकेला टेकून झोपत गावी गेलेली. सकाळी डोळे मिटूनच म्हणाली, "पावसात आमची बोट बंदच असायची गो." बुकिंग करताना मी तिला काही विचारलंच नव्हतं.

आता केबिन. जहाज पुढूनमागून वरखाली होतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त हलतात आणि मधला भाग सगळ्यात कमी. उंचावर झोकाही मोठा बसतो. म्हणून खालचा मजला, मधोमध, लिफ्टजवळ. फोटो बघून भुलू नका, मजल्यांचा नकाशा मागा आणि केबिनचा नंबर त्यावर शोधा. इनसाइड केबिन स्वस्त पडते, पण तिला खिडकी नसते. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र, कळत नाही. मळमळायला लागलं की क्षितिजाकडे बघून बरं वाटतं, तेव्हा वयस्कर माणूस बरोबर असेल तर खिडकीचे पैसे जरूर मोजा. बाल्कनीचे वाचवा, डेकवर वारा सगळ्यांना सारखाच लागतो. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या आधीच घ्यायची.

जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं धरून. बंदराचे आकार, जीएसटी, सेवाशुल्क बहुतेकदा वेगळं. आम्हाला ते शेवटी कळलं. एजंटकडून सगळं धरून एकूण आकडा लिहून घ्या. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो, त्याची कागदपत्रं कधी द्यायची तेही तेव्हाच विचारा.

आणि गुडघ्यांचं बघा. लक्षद्वीपला क्रूझचं मोठं जहाज सहसा धक्क्याला लागत नाही, भर समुद्रात छोट्या बोटीत उतरावं लागतं. दुसऱ्या खेपेला आम्ही जानेवारीत गेलो. जहाजाच्या कुशीतलं दार उघडलं, खाली बोट हिंदकळत होती. मी आईचा दंड घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला, एक लाट जाऊ दिली, दुसरीने बोट वर आणली तसा पाय टाकला आणि फळीवर जाऊन बसली. "देवगडला पडावात असंच उतरायचो," म्हणाली, आणि माझ्यासाठी हात पुढे केला.