मीटिंगची पेटी, टाकपेटी आणि कड्यांची फळी : या टप्प्यावरची नोंद

मागच्या नोंदीत कड्यांच्या फळीचा, म्हणजे मुलांना उघडायला-लावायला कड्या, हुक वगैरे बसवलेल्या फळीचा, केवळ आराखडा मांडला होता. ती फळी आता तयार होऊन भिंतीला लागली आहे, फटींतून चकत्या आत टाकायच्या पुठ्ठ्याच्या टाकपेटीला उतरता तळ बसला आहे आणि फक्त मीटिंगच्या वेळी निघणारी खेळपेटी रोजच्या वापरात आली आहे. या कामातून मला जे सापडले ते थोडक्यात असे : घरून काम करणाऱ्या पालकाने बनवलेले खेळसाहित्य किती आकर्षक आहे यापेक्षा, खेळ एकदा संपल्यावर मुलाला तो मोठ्यांना हाक न मारता पुन्हा सुरू करता येतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

आमची जुळी आता दोन वर्षांची होत आली आहेत. या वयाची मुले कंटाळून उठतात त्यापेक्षा अडून उठतात, असे माझे निरीक्षण आहे. ठोकळ्यांचे कोडे पूर्ण झाले की ते मोडून समोर ठेवायला कोणीतरी लागते. खोक्यात टाकलेली चकती बाहेर काढण्यासाठी झाकण उघडून द्यावे लागते. चित्रकलेत तर कागद बदलण्यापासून हात पुसण्यापर्यंत सगळेच मोठ्यांवर अवलंबून असते. उलट कडी उघडली की ती लावायची असते आणि लावली की पुन्हा उघडायची असते, त्यामुळे कडीचा खेळ मुळातच संपत नाही. हा फरक लक्षात आल्यापासून मी प्रत्येक नवीन कल्पनेला पहिला प्रश्न हाच विचारतो.

दुसरा प्रश्न मुलांकडूनच येतो. दोन वर्षांच्या आसपास मूल एखादी क्रिया पुनःपुन्हा करत राहते. अशा पुनरावृत्त होणाऱ्या क्रियाबंधांना स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी ‘स्कीमा’ म्हटले आणि पुढे बालशिक्षणात या कल्पनेचा बराच वापर झाला. आमच्या मुलीला सध्या वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेण्याचा ध्यास आहे, तर मुलगा जे फिरते, सरकते किंवा उघडते त्यामागे असतो. तिच्यापुढे कडी ठेवली तर ती एकदा हलवून निघून जाते. त्याच्यापुढे पिशवी ठेवली तर तो तिची चेन तपासतो. तेव्हा काहीही कापायला घेण्यापूर्वी, मूल आपणहून काय करत आहे ते निवांत पाहावे, हे मी आग्रहाने सांगेन.

आता कड्यांची फळी. तिच्यासाठी १८ मिमी जाडीचे प्लायवूड घेतले आणि स्क्रू १२ मिमी लांबीचे वापरले, म्हणजे टोक मागे डोकावण्याचा प्रश्नच उरत नाही. कडा आधी १२० आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, कोपरे गोल केले आणि धातूच्या प्रत्येक पट्टीवरून कानस फिरवली, कारण बाजारातून आणलेल्या कडीची कड मोठ्यांच्या हाताला जाणवत नसली तरी कोवळ्या बोटाला कापू शकते. फळीची खालची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आणि वरची ७५ सेंटीमीटरवर आहे, त्यामुळे खालचे भाग बसून आणि वरचे उभे राहून हाताळता येतात. फळी चार ठिकाणी भिंतीत पक्की केली आहे. नुसती टेकवून ठेवलेली फळी मूल धरून उभे राहताच अंगावर येऊ शकते.

बिजागरीच्या छोट्या दाराला मी सर्वाधिक वेळ दिला. बोट शिरेल पण सहज निघणार नाही अशी फट सर्वांत धोकादायक असते, म्हणून खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांत बिजागरीजवळची फट एक तर ५ मिमीपेक्षा लहान, नाहीतर १२ मिमीपेक्षा मोठी ठेवण्याचे तत्त्व आहे. मी मोठी फट निवडली आणि दार व चौकट यांच्यामध्ये फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या मऊ कापडाचे, जाड तुकडे चिकटवले, त्यामुळे दार आपटत नाही आणि बोटही दबत नाही. दोन सरकत्या कड्या, एक हुक, एक दाराची आखूड साखळी, एक जाड चेन आणि मोकळे फिरणारे एक चाक एवढाच जामानिमा आहे. चुंबकाच्या पट्ट्या आणि बटण-सेलवर चालणारे दिवे मी मुद्दाम टाळले. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो, आणि एकाहून अधिक शक्तिशाली चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांकडे खेचले जातात. खेळ थोडा कमी चमकदार झाला तरी चालेल, पण मी संगणकाकडे पाहत असताना मुलांच्या हातात या वस्तू नकोत.

टाकपेटीची रचना साधी आहे : पुठ्ठ्याचे मजबूत खोके, वर एक आडवी फट, एक उभी फट आणि एक गोल भोक. खरे काम आतल्या उताराचे आहे. सुमारे ३० अंशांत बसवलेल्या गुळगुळीत पुठ्ठ्यावरून चकती घसरत पुढच्या उघड्या कप्प्यात येते आणि मूल ती उचलून पुन्हा टाकते. उतार याहून कमी ठेवला की चकती मध्येच थांबते, आणि फार वाढवला की ती कप्प्याबाहेर उडते व मूल तिच्या मागे पलंगाखाली जाते. चकत्या बरण्यांच्या ७ सेंटीमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक झाकणांच्या आहेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील लहान भाग तपासण्यासाठी ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. दाबल्याशिवाय जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते, ती बाद. घरी मी टिशू पेपरच्या रिकाम्या नळीने तपासतो. तिचा व्यास अधिक असल्याने ही चाचणी आपोआपच जास्त कडक होते. चेंडूंचा निकष मुळातच वेगळा आहे : अमेरिकेतील नियमांत ती मर्यादा ४४.४ मिमी आहे, म्हणून माझे चेंडू ६ सेंटीमीटरचे आहेत.

आवाजाचा विचार आपल्यापैकी फार कमी लोक करतात, असे मला वाटते. दुकानातल्या खेळण्याला आवाज हा गुण असतो. मीटिंगमध्ये बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी तो अडचण ठरतो. म्हणून उताराच्या शेवटी आणि कप्प्याच्या तळाला फेल्ट लावले, फळीखाली जाड सतरंजी अंथरली आणि धातूच्या डब्यांऐवजी कापडी पिशव्या आणल्या. आवाज पूर्ण नाहीसा करू नये, हेही तितकेच खरे. चकती पडल्याचा हलका ‘टप्’ मुलाला हवा असतो. तो बंद झाला तेव्हा मुलाची टाकपेटीतली गोडी लगेच उतरली, म्हणून कप्प्याच्या एका कोपऱ्यातले फेल्ट काढून घेतले.

मुलीच्या वाहतुकीसाठी बनवण्यासारखे फारसे नव्हते. धरायला बंद असलेल्या दोन लहान पिशव्या, लाकडी रिंगा, मोठ्या केसपिना, कापडाचे तुकडे आणि खोलीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, एवढ्यावर तिचा खेळ दीर्घकाळ चालतो. बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी दुसऱ्या वर्षातील मुलांसाठी अशाच साध्या, अनेक प्रतींतील वस्तूंचा खेळ विकसित केला होता आणि त्यात मोठ्या माणसाने जवळ शांत बसावे, सुचवू नये, कौतुकही करू नये, अशी अपेक्षा होती. घरून काम करणाऱ्यासाठी ही भूमिका फारच सोयीची आहे : मी त्याच खोलीत असतो, दिसतो, पण खेळात नसतो.

‘अनेक प्रती’ हा मुद्दा जुळ्यांच्या बाबतीत तर अनिवार्य आहे. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या सामाजिक खेळाचे जे प्रकार मांडले, त्यांत शेजारी बसून सारख्याच वस्तूंशी पण स्वतंत्रपणे खेळण्याचा, म्हणजे समांतर खेळाचा, समावेश आहे. या वयात वाटून घेण्याचा आग्रह धरून मीटिंग शांततेत पार पडत नाही. दोन पिशव्या दिल्या की पडते.

वस्तू मात्र एकाच वेळी थोड्याच बाहेर ठेवतो. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले होते. कमी खेळण्यांत मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारांनी खेळली. मीटिंगची पेटी याच तत्त्वावर आहे. तिच्यातल्या वस्तू एरवी दिसत नाहीत, दर आठवड्याला त्यांतली एखादी बदलते आणि मीटिंग संपली की पेटी मुलांसमोरच बंद होते.

पेटी उघडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे मी फोन दूर ठेवून मुलांसोबत जमिनीवर बसतो. हे केले नाही तर उत्तमातले उत्तम साहित्यही टिकत नाही, कारण मुलांना तेव्हा खेळ नव्हे, माणूस हवा असतो. एवढे केल्यावरही सलग एकाग्रता लागणारे लेखन मी त्यांच्या झोपेच्या वेळेसाठीच राखून ठेवतो. साहित्याच्या भरवशावर फक्त ईमेल, छोट्या दुरुस्त्या आणि ऐकण्यापुरत्या मीटिंग होतात. पाणी आणि मिठाची कणीक या दोन्ही गोष्टी मुलांना अतिशय आवडत असल्या तरी कामाच्या वेळेतून मी त्या पूर्ण वगळल्या आहेत. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते आणि त्या कणकेतले मीठ पोटात जाणे धोक्याचे आहे, म्हणून हे खेळ सुट्टीच्या दिवशी, दोन्ही हात मोकळे असतानाच होतात. स्क्रीनबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाच्या मुलांसाठी ती नकोच, आणि दोन वर्षांपासून दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा, असे म्हटले आहे. आम्ही तेच पाळतो.

पुढचे काम एका उभ्या नळीमार्गाचे आहे. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या भिंतीवर तिरक्या लावून चेंडू खालच्या टोपलीत आणायचा आहे. वरचे तोंड मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर राहील, म्हणजे वाहतूक करणारी मुलगी आणि सरकत्या वस्तूंमागे असणारा मुलगा एकाच साहित्यावर शेजारी-शेजारी रमू शकतील. नळ्यांच्या जोडावर चेंडू अडकू नये यासाठी वरची नळी खालच्या नळीत किती सरकवावी हे अजून ठरलेले नाही. कोणी असा मार्ग बांधला असेल, तर जोडाचे मोजमाप आणि नळीचा आतला व्यास अवश्य कळवावा.