गुहागरला कॅबर्ने : पाच बाटल्या आणि बादलीभर बर्फ

कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाच्या पाच प्रदेशांतल्या रेड वाइन गुहागरला शेजारीशेजारी चाखायच्या, त्याचा हा बेत. पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. रस्त्याचं विशेष काही नाही; सांभाळायचं ते डिकीतलं ऊन. तापल्या डिकीत वाइन शिजते, बूच वर सरकतं. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत बाटल्या न्याव्यात. मद्यसेवनाचा परवाना जवळ हवा (वाइनसाठी किमान वय 21). गोव्यातल्या स्वस्त बाटल्या परवान्याशिवाय इकडे आणू नयेत, जप्त होतात.

बाटल्या : फ्रान्सच्या बोर्दोतलं पॉइयाक, कॅलिफोर्नियातलं नापा, चिलीतलं मायपो, ऑस्ट्रेलियाचं कूनावारा आणि बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोव्हर ला रिझर्व्ह (कॅबर्ने अधिक शिराझ). द्राक्षतोडणीची वर्षं शक्यतो जवळजवळची घ्या, नाहीतर प्रदेशाऐवजी वयाचीच तुलना होते.

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ हा नियम इथे विसरा. खोलीत 30 अंश असतात आणि त्यात नापाच्या 14.5 टक्के अल्कोहोलचा नुसता भपकारा येतो. बर्फ-पाण्याच्या बादलीत 10-12 मिनिटं ठेवली की बाटली 17 अंशांच्या आसपास येते. फार गार केली तर उलटंच : टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) कडू, तुरट लागतं आणि वास दबतो. ग्लासात 50 मिली.च ओता, कारण ती लगेच तापते. एका बाटलीत असे 15 घोट निघतात.

पॉइयाक तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा; हवा लागली नसताना ते पेन्सिलीच्या लाकडापलीकडे काही बोलत नाही. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून चाखल्या तरी कूनावारा पुदिन्या-निलगिरीच्या वासाने बहुधा ओळखू येतं. तिथली मातीही जांभ्यासारखी तांबडी, पण खाली चुनखडी. मायपोत पिकल्या करवंदासोबत कधी ढोबळी मिरची येते. हा वास पायराझिनचा, म्हणजे द्राक्षातल्याच एका घटकाचा. द्राक्ष कमी पिकलं किंवा घडांवर ऊन कमी पडलं की तो उरतो. नापात जॅम आणि ओक लाकडाच्या पिंपाचा व्हॅनिला. ला रिझर्व्हमधला मिरपुडीचा झणका शिराझचा. किमतीच्या मानाने ती या पंगतीत बिचकत नाही.

जेवण मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा : मटण सुकं, तिखट बेताचं. तिखटाने अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जास्त झोंबतात. सुरमई, बांगडा या वाइनसोबत नकोच; वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडून तोंडात धातूची चव आणतं. मासळी खायचीच असेल तर चाखणं संपल्यावर, आणि तेव्हा सोलकढी घ्या.